आर्नोच्या कांठची चिता

फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस काशिने नांवाचें एक विस्तीर्ण उपवन आहे. आर्नो नदीच्या कांठाकांठानें तें लांबवर पसरलेलें असून त्याच्या अगदीं टोंकाशीं मुन्योने नांवाचा एक लहानसा प्रवाह आर्नोस मिळतो. या संगमावर एक छत्री उभी आहे व तिच्याखालीं राजवेषांतील एका हिंदी तरुणाचा रंगविलेला संगमरवरी अर्धपुतळा आहे. जवळच सन १९७८ मध्यें जो मोठा पूल झाला, त्यासहि तेथील लोक या हिंदी मनुष्याच्याच नांवानें ओळखतात. मात्र तो हिंदी मनुष्य कोण, हें त्या पुलावरून मोटारी हांकणारांपैकीं कितीकांस ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. कोल्हापुरांतहि हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. कारण तेथील राजाराम कॉलेजास ज्यांचें नांव आहे, तेच हे छत्रपति राजाराम महाराज.

महाराज सन १८७० मध्यें विलायतेस गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. इंग्रजी त्यांस चांगलें अवगत होतें व प्रवासांत ते त्याच भाषेंत रोजनिशी लिहीत असत. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, इंग्लंडांतील थोरामोठ्यांचा परिचय झाला आणि युरोपांतून स्वदेशीं परत येत असतां फ्लॉरेन्स मुक्कामीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्याबरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनीं ती रोजनिशी पुढें सन १८७२ मध्यें छापून प्रसिद्ध केली. ती अर्थातच मृत्यूच्या अलीकडे थांबते. मृत्यूनंतर जें घडलें, तोच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीची राजधानी होती. शहरांत चर्चें शेंकड्यांनीं होतीं, दफनभूमीहि होत्या. पण प्रेत जाळण्याची सोय त्या शहरांतच काय, साऱ्या युरोपांत कोठेंहि नव्हती. बरोबरच्या मंडळींनीं धनी तर गमावला होता आणि आतां त्याचा शेवटचा संस्कारहि गमावण्याची वेळ आली होती. अखेर शहराच्या अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळविण्यांत आली आणि नगराबाहेर, नदीसंगमावर, रात्रीच्या वेळीं चिता रचण्यांत आली. अधिकाऱ्यांनीं ती जागा वस्तीपासून दूर म्हणून दिली असेल. परंतु संगमावरचें दहन म्हणजे आपल्याकडे केवढें भाग्य, हें परवानगी देणारांस कोठून ठाऊक असणार! थंडीच्या दिवसांतहि फ्लॉरेन्सचे पुष्कळ नागरिक तो विधि पाहावयास जमले होते. पुढें सन १८७४ मध्यें त्या जागीं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांनीं केला. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांच्या कल्पनेंतून उतरला तेच हे मँट. पुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें घडविला.

आमच्या घरांतून मरणोत्तर व्यवस्थेचा विषय काढणें अभद्र समजतात. मुलानें अग्नि द्यावा, दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवावा, अस्थि नाशिकास किंवा काशीस न्याव्या, एवढें परंपरेनें ठरवूनच ठेवलेलें असल्यामुळें कोणास कांहीं ठरवावें लागत नाहीं. ही निश्चिंती मोठी सुखाची आहे यांत शंका नाहीं. पण ती गांवच्या वेशीपुरतीच आहे. वेस ओलांडली कीं कायदा, नगरपालिका, डॉक्टरचा दाखला, खर्च आणि उरलेल्या माणसांची इच्छा या पांच गोष्टी परंपरेच्या जागीं येऊन बसतात. आज ज्या घरांतील मुलें समुद्रापलीकडे आहेत, किंवा आईबापच उतारवयांत मुलांकडे जाऊन राहिले आहेत, अशीं घरें आमच्या ओळखींत थोडींथोडकीं नाहींत. त्यांच्यासाठीं हा इतिहास केवळ कुतूहलाचा नव्हे.

महाराजांच्या अगोदर जे थोर हिंदु परदेशीं निवर्तले, त्यांच्या वांट्यास अग्नि आला नाहीं. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजीं ब्रिस्टलजवळ वारले. आपलें दफन ख्रिस्ती विधीनें झालें, तर आपली जात गेली असें मायदेशीं ठरून मुलांचा वारसाहक्क धोक्यांत येईल, ही चिंता त्यांस होती. म्हणून ज्या घरीं ते उतरले होते, त्याच घराच्या बागेंत, झाडांच्या छायेंत, कोणताहि धर्मपाठ न म्हणतां त्यांस मूठमाती देण्यांत आली. जानवें शेवटपर्यंत अंगावर होतें. ज्या पुरुषानें सतीची चाल बंद व्हावी म्हणून जन्मभर झगडा केला, त्यास स्वतःच्या देहाविषयीं विचार करितांना मुलांच्या मिळकतीचा विचार करावा लागला. अंत्यविधि हा धर्माचा विषय खरा, पण त्याचा एक पाय नेहमीं दिवाणी कोर्टांत असतो! दहा वर्षांनीं, सन १८४३ मध्यें, द्वारकानाथ टागोरांनीं ते अवशेष ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल येथील दफनभूमींत हलवून वर समाधि बांधविली. तेच द्वारकानाथ १ ऑगस्ट १८४६ रोजीं लंडनमध्यें वारले आणि केन्सल ग्रीन येथें पुरले गेले.

युरोपांत अग्नीस जागा नव्हती, ती केव्हांपासून? ग्रीक व रोमन लोक प्रेतें जाळीत, हें आमच्या वाचकांस शाळेंतील इतिहासावरून ठाऊक आहे. पुढें रोमन साम्राज्यांतच दफनाची चाल बळावली व ख्रिस्ती धर्मानें ती कायम केली. शेवटच्या दिवशीं देहासह पुनरुत्थान व्हावयाचें, तर देह जपून ठेवावा, ही सामान्य जनांची समजूत होती. शार्लमेन बादशहानें सॅक्सन लोकांसाठीं सन ७८५ च्या सुमारास जो कडक कायदा केला, त्यांत जुन्या चालीप्रमाणें प्रेत जाळणारास देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. त्यानंतर सुमारें हजार वर्षें युरोपांत जाळला गेला तो बहुधा पाखंडी म्हणून जिवंतपणीं जाळलेला माणूस.

एक अपवाद साहित्याच्या वाचकांस परिचित आहे. शेली कवि ८ जुलै १८२२ रोजीं समुद्रांत बुडाला. प्रेत व्हिआरेज्जियोजवळ किनाऱ्यास लागलें, आणि साथनिवारणाच्या नियमाप्रमाणें तें तेथेंच वाळूंत चुन्यांत पुरण्यांत आलें. मित्रांनीं खटपट करून परवानगी मिळविली व १६ ऑगस्टला बायरन, ले हंट व ट्रेलॉनी यांच्या समक्ष त्याच किनाऱ्यावर तें लोखंडी भट्टींत जाळलें. मद्य, तेल, मीठ व धूप यांच्या आहुति दिल्या. रक्षा रोमला गेली. शेली शिकवितांना आम्ही हा प्रसंग सांगतों, तेव्हां इंग्रज चरित्रकारांस तो जितका अद्भुत वाटतो तितकाच आमच्या विद्यार्थ्यांस तो घरगुती वाटतो. अद्भुत वाटते ती लोखंडाची भट्टी.

दफनावरचा इंग्लंडचा विश्वास डळमळला तो तत्त्वज्ञानानें नव्हे, दुर्गंधीनें. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागांत लंडनची वस्ती दुपटीहून अधिक झाली, पण चर्चांभोवतालच्या दफनभूमि होत्या तेवढ्याच राहिल्या. एका प्रेतावर दुसरें, दुसऱ्यावर तिसरें, अशी रास रचली जाई. नव्या प्रेतास जागा करण्यासाठीं जुनें अर्धवट कुजलेलें असतांच बाहेर काढीत. वॉकर नांवाच्या शस्त्रवैद्यानें सन १८३९ मध्यें या दफनभूमींची जी पाहणी छापली, ती वाचतांना आजहि अंगावर कांटा येतो. सन १८५२ मध्यें कायदा होऊन शहरांतील जुन्या दफनभूमि बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. मग एका कंपनीनें सरे परगण्यांत ब्रुकवुड येथें अफाट जमीन घेऊन सन १८५४ पासून तेथें दफनभूमि चालविली आणि तिच्यासाठीं लंडनहून स्वतंत्र आगगाडी सोडली. या गाडींत उतारूंस वर्ग होते आणि प्रेतपेट्यांसहि वर्ग होते. प्रेतास तिकीट लागे तें अर्थातच एकेरी. मरणानंतर सर्व सारखे, हें वचन त्या कंपनीच्या हिशेबनिसास मान्य नव्हतें असें दिसतें.

सन १८७३ मध्यें व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत पाडुआचे प्राध्यापक ब्रुनेट्टी यांनीं प्रेतदहनाचें एक यंत्र व त्यांतून निघालेली रक्षा मांडून ठेविली होती. ती राणी व्हिक्टोरियाचे शस्त्रवैद्य सर हेन्री टॉम्प्सन यांनीं पाहिली आणि ते स्वदेशीं परतले ते दहनाचे पुरस्कर्ते होऊनच. सन १८७४ च्या जानेवारींत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यांत दहनाच्या प्रसारासाठीं एक मंडळीहि स्थापन झाली. कादंबरीकार ट्रॉलप, चित्रकार मिले, व्यंगचित्रकार टेनियल अशा नामांकितांनीं तिच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. टॉम्प्सनसाहेबांचे मुद्दे पुनर्जन्माचे किंवा पंचमहाभूतांचे नव्हते. हवा शुद्ध राहील, पाणी दूषित होणार नाहीं, जमीन वांचेल आणि राख खतास उपयोगी पडेल, असे ते सारे मुद्दे होते. या शेवटच्या मुद्द्यानें कार्यास लाभापेक्षां हानीच अधिक झाली असावी. लिंकनच्या बिशपांनीं व्यासपीठावरून सांगितलें कीं, या चालीनें पुनरुत्थानावरची श्रद्धाच उखडली जाईल. त्यावर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं विचारलें, मग धर्मासाठीं जाळले गेलेल्या हुतात्म्यांची वाट काय? या प्रश्नास चांगलेंसें उत्तर कोणीं दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आर्नोच्या कांठीं चिता पेटली त्यास तेव्हां चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. ती चिता पाहून युरोपास दहनाची बुद्धि झाली, असें म्हणण्याचा मोह आपणां लोकांस होतो. पण त्यास आधार नाहीं. युरोपास दहन सुचलें तें गटारें सुधारण्याच्या ओघांत. मात्र पहिली व्यवस्था उभी राहिली ती इटलींतच, हें खरें. मिलान येथील आल्बेर्तो केलर नांवाचा श्रीमंत व्यापारी सन १८७४ मध्यें वारला. आपलें दहन व्हावें अशी त्याची इच्छा होती व त्यासाठीं त्यानें पैसाहि ठेवला होता. पण दाहगृह नव्हतें. म्हणून प्रेत राखून ठेवण्यांत आलें, दाहगृह बांधून झालें आणि २२ जानेवारी १८७६ रोजीं केलरची इच्छा पूर्ण झाली. पुढें सन १८८६ मध्यें रोमन कॅथॉलिक पंथानें आपल्या अनुयायांस दहनाची मनाई केली, ती सन १९६३ पर्यंत उठली नाहीं.

इंग्लंडांत मात्र इच्छा, पैसा आणि विश्वासू मित्र एवढें सर्व असूनहि काम भागलें नाहीं. हेन्री क्रूकेंडन नांवाच्या गृहस्थानें मृत्युपत्रास पुरवणी जोडून लिहून ठेविलें होतें कीं, आपला देह आपल्या स्नेही मिस् इलायझा विल्यम्स यांच्या स्वाधीन करावा, त्यांनीं तो जाळून रक्षा एका नामांकित वेजवुड कलशांत ठेवावी आणि या कामाचा खर्च मिळकतींतून द्यावा. सन १८७५ मध्यें तो वारला. नातलगांनीं ही सूचना बाजूस सारून त्यास पुरलें. मिस् विल्यम्स यांनीं हार खाल्ली नाहीं. प्रेत दुसरीकडे पुरण्याच्या सबबीवर त्यांनीं तें उकरून काढण्याचा परवाना मिळविला, थेट मिलानला नेऊन त्याचें दहन केलें आणि मग खर्चासाठीं फिर्याद लावली. सन १८८२ मध्यें निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. न्यायमूर्ति के यांनीं सांगितलें कीं, प्रेत ही कोणाची मालमत्ता नव्हे, म्हणून मृत्युपत्रानें त्याची वांटणी करितां येत नाहीं. प्रेताची विल्हेवाट लावण्याचा अधिकार व्यवस्थापकांचा, आणि मृताची इच्छा ही केवळ विनंती. इंग्रजी कायद्याचें हें तत्त्व पुष्कळ अंशीं आजहि टिकून आहे. माणसाच्या घरादाराविषयीं, दागदागिन्यांविषयीं त्याचा शब्द मरणानंतर चालतो. स्वतःच्या देहाविषयीं चालत नाहीं. आणि कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहारहि तोच आहे. मृत्युपत्र उघडतें तें तेरावा उरकल्यावर. चिता पेटते ती त्याच दिवशीं. आपल्या देहाविषयीं ज्यास कांहीं सांगावयाचें असेल, त्यानें तें कागदास सांगून पुरत नाहीं. जो पुढें उभा राहणार त्याच्या कानांत, तो जवळ असतां आणि आपण शुद्धीवर असतां, सांगावें लागतें. केलरचें काम झालें आणि क्रूकेंडनचें अडलें, यांतला भेद कायद्याचा होता तितकाच मागें राहिलेल्या माणसांचाहि होता.

दरम्यान टॉम्प्सनसाहेबांच्या मंडळीनें सन १८७८ मध्यें वोकिंग येथें जागा घेऊन दाहगृह बांधिलें व पुढच्या वर्षीं एक मेलेला घोडा जाळून पाहिला. घोडा उत्तम जळाला. पण गांवकरी खवळले आणि गृहमंत्र्यानें माणसाचें दहन करण्यास मनाई केली. सहा वर्षें ती भट्टी थंड राहिली. ती पेटविण्याचें श्रेय शेवटीं गेलें तें एका विक्षिप्त वेल्श म्हाताऱ्याकडे.

डॉक्टर विल्यम प्राइस हे स्वतःस प्राचीन ड्रुइड धर्माचे आचार्य म्हणवीत. हिरवी वस्त्रें नेसत व डोक्यावर कोल्ह्याचें कातडें घालीत. त्र्याऐंशीव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला होता. त्याचें नांव त्यांनीं येशू ख्रिस्त ठेविलें! तो पांच महिन्यांचा होऊन वारला, तेव्हां सन १८८४ च्या जानेवारींत एका रविवारीं लांट्रिसंट गांवाजवळच्या टेंकडीवर त्यांनीं त्याची चिता पेटविली. प्रार्थना आटोपून परतणाऱ्या लोकांनीं ती ज्वाळा पाहिली, गर्दी उसळली, अर्धवट जळालेलें प्रेत बाहेर काढण्यांत आलें व पोलिसांनीं म्हाताऱ्यास पकडलें. कार्डिफ येथें खटला चालला तो न्यायमूर्ति जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्यापुढें. हें नांव आपल्या वकिलांस नवें नाहीं. हे गृहस्थ सन १८६९ ते १८७२ पर्यंत व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायदेमंत्री होते, आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा, जो आपल्याकडे सन २०२४ पर्यंत चालला, तो त्यांच्याच हातचा. जेथें रोज चिता पेटत असलेल्या त्यांनीं पाहिल्या असतील, त्या देशांतील वास्तव्याचा त्यांच्या मनावर किती परिणाम झाला होता, हें वाचकांनींच ठरवावें. त्यांनीं निकाल दिला तो असा: प्रेत जाळणें हा गुन्हा आहे असें इंग्लंडच्या कोणत्याहि कायद्यांत सांगितलेलें नाहीं, त्यामुळें सार्वजनिक उपद्रव होत असेल, किंवा कोरोनरची चौकशी टाळण्याचा हेतु असेल, तरच तो गुन्हा ठरेल. प्राइस सुटले. मार्च महिन्यांत त्यांनीं मुलाचें उरलेलें दहन पुरें केलें. स्वतःच्या चितेचीहि त्यांनीं सविस्तर तजवीज करून ठेविली होती. सन १८९३ मध्यें त्याच टेंकडीवर, दोन टन कोळशावर, हजारों लोकांच्या देखत त्यांचें दहन झालें.

या निकालाच्या जोरावर वोकिंगची भट्टी २६ मार्च १८८५ रोजीं पेटली. त्या साऱ्या वर्षांत तेथें दहनें झालीं तीन. सन १९०२ मध्यें पार्लमेंटानें दहनाचा कायदा केला व त्याखालचे नियम ठरले. मृत्यूचें कारण दोन डॉक्टरांनीं दाखल्यानें सांगावें, त्यावर आणखी एका वैद्यकीय अधिकाऱ्यानें नजर टाकावी, आणि दहन दाहगृहांतच व्हावें. यांतील डॉक्टरी कटकटीविषयीं पुष्कळ लोक कुरकुर करितात. आम्हांस ती योग्य वाटते. पुरलेल्या प्रेतांतून विष दहा वर्षांनींहि शोधून काढितां येतें. जळलेल्या प्रेतानें कांहींच सांगतां येत नाहीं. अग्नि पवित्र असेल, पण तो साक्षीदारहि गिळतो, आणि जेथें घरांतल्या घरांत सुना जळून मरतात त्या देशानें तर दाखल्याच्या कटकटीस हंसूं नये.

त्यानंतर दहनाची चाल इंग्लंडांत इतकी रुळली कीं, सन १९६८ च्या सुमारास तिनें दफनास मागें टाकिलें, आणि आज तेथें चार मृतांपैकीं तिघांहून अधिकांचें दहन होतें. राममोहन ज्या देशांत बागेंतल्या मातीत निजले, तेथें आतां अग्नीची उणीव नाहीं. पण हा अग्नि आपला कीं त्यांचा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पहिल्या महायुद्धांत हिंदी जखमी शिपायांसाठीं ब्रायटनच्या राजवाड्यांत इस्पितळ उघडलें होतें. तेथें जे हिंदु व शीख शिपाई मरण पावले, त्यांपैकीं ५३ जणांचें दहन गांवाबाहेर पॅचमच्या माळावर, उघड्या आकाशाखालीं झालें. रक्षा समुद्रांत सोडिली. मुसलमान शिपायांस वोकिंगच्या मशिदीजवळ दफनाची जागा दिली. दाहगृह आणि मशीद दोन्ही एकाच गांवीं असावीं, हा योग नवलाचा. पॅचमच्या माळावर १९०२ च्या कायद्यांतील दाहगृह कोणीं शोधलें नाहीं. युद्धांत मेलेल्या माणसाच्या धर्मास सरकार जो मान देतें, तो शांततेच्या काळांत मेलेल्याच्या धर्मास देतेंच असें नाहीं. त्या जागेवरच्या पांढऱ्या संगमरवरी छत्रीचें उद्घाटन १ फेब्रुवारी १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्तें झालें. तिचा आराखडा हेन्रिक्स नांवाच्या मुंबईच्या शिल्पज्ञाचा होता. त्या त्रेपन्न जणांचीं नांवें मात्र तेथें दगडावर कोरलीं गेलीं तीं सन २०१० मध्यें.

शांततेच्या काळांतला प्रश्न त्याच साली वरिष्ठ कोर्टापुढें आला. न्यूकॅसलचे एक वृद्ध हिंदु गृहस्थ, दवेंदर घई, यांनीं आपली चिता उघड्यावर, सूर्यप्रकाशांत व लांकडावर व्हावी म्हणून नगरपालिकेकडे जागा मागितली होती. सन २००६ मध्यें नकार आला. सन २००९ मध्यें हायकोर्टांतहि ते हरले. अपील कोर्टानें १० फेब्रुवारी २०१० रोजीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला, पण तो धर्मस्वातंत्र्याच्या भव्य पायावर नव्हे. कायद्यांत दाहगृह म्हणजे ‘इमारत’ असें म्हटलें आहे. मग इमारतीस चारी बाजूंनीं भिंती असल्याच पाहिजेत काय? छपरास मोठें भगदाड असून त्यांतून ऊन चितेवर पडत असेल, तर तिला इमारत म्हणतां येणार नाहीं काय? घईंनीं अशा जागेनें आपलें समाधान होईल असें सांगितलें आणि न्यायाधीशांनीं ती इमारतच, असें ठरविलें. बांधकामाची परवानगी व आरोग्याचे नियम यांची वाट त्यांस पुढें चालावयाचीच होती. एका शब्दाच्या अर्थावर परलोकाची वाट अडावी आणि त्याच शब्दाच्या अर्थानें ती सुटावी, हें आपल्या मीमांसकांस फार आवडलें असतें.

युरोपांत गेलेल्या आपल्या माणसांस अग्नि कसा मिळाला, हें येथवर पाहिलें. उलट दिशेचें एक उदाहरण महाराष्ट्रांतलें आहे. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेंत वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं वारल्या. अमेरिकेंत ज्यांनीं त्यांस आपल्या घरीं लेकीसारखें ठेविलें होतें, त्या मिसेस कार्पेंटर यांचेकडे त्यांची रक्षा पाठविण्यांत आली. कार्पेंटरबाई ख्रिस्ती, अस्थि गंगेंत न पोंहोंचतां समुद्रापार म्लेंच्छभूमींत जाणें म्हणजे त्या काळच्या पुण्यास केवढी अघटित गोष्ट! बाईंनीं ती रक्षा न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या दफनभूमींत, आपल्या कुटुंबाच्या जागेंत पुरली व वर आनंदीबाईंच्या नांवाचा दगड बसविला. तो दगड कार्पेंटर मंडळींच्या थडग्यांमध्यें अद्याप उभा आहे.